नऊ दिवसांचं वेळापत्रक

माझ्या भावाने सव्वीस वर्षं लिफ्टच्या विहिरीत काढली. विहीर म्हणजे लोक ज्या चौकोनी पोकळीतून वरखाली जातात आणि जिच्याकडे कधी ढुंकूनही बघत नाहीत, ती. वर मोटर, मध्ये पोलादी दोर, तळाला खड्डा, आणि त्या खड्ड्यात उताणा पडून पाना फिरवणारा आमचा दादा. लिफ्ट बंद पडली की लोकांना तो आठवायचा, चालू झाली की विसरायचा. मी त्याला एकदा म्हटलं, तुझ्यापेक्षा आमच्या शाळेच्या घंटेला जास्त मान आहे. त्यावर तो शांतपणे म्हणाला की घंटा तुटली तर कुणी सात मजले खाली जात नाही.

मी शाळेच्या कार्यालयात कारकून आहे आणि माझं खरं काम वेळापत्रक बनवणं. अडतीस शिक्षक, बावीस वर्ग, एकच प्रयोगशाळा, आणि कुणालाच शेवटचा तास नको. हे सगळं एका कागदावर बसवायचं. दादा मला घड्याळबाई म्हणायचा, तेही चारचौघांत. मला राग यायचा. पण घड्याळबाईचं काम त्याला कधी इतकं लागेल असं आम्हा दोघांनाही वाटलं नव्हतं.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया, एका नळीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. मधल्या दिवसांत लघवी जवळजवळ नाहीच, म्हणून पाणी मोजून प्यायचं. दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी. त्याने एका बाटलीवर पेनाने रेघा मारल्या होत्या. संध्याकाळी शेवटच्या रेघेपाशी आलं की बाटली समोर ठेवून बसायचा, आणि तेव्हा त्याच्याशी कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही. वहिनी तेवढा वेळ स्वयंपाकघरात भांडी घासत राहायची. घासलेलीच परत घासायची.

वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. माझा जुळत होता, पण मला साखर. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट उघडले आणि तिथल्या तिथे मिटले. मी तेव्हा बाहेर येऊन खूप रडले, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. ती माझी मला कळली. म्हणून पुढे त्याच्यासाठी जे काही केलं ते जरा जास्तच केलं.

मग यादी. कुणा अनोळखी माणसाची किडनी मिळण्यासाठी लागते ती. यादीचा नियम साधा होता. फोन येईल तेव्हा उचलायचा, आणि चार तासांत हॉस्पिटलात हजर व्हायचं. अर्ध्या तासात उचलला नाही तर फोन पुढच्याला. आता लिफ्टच्या विहिरीत फोनला रेंज नसते. चहूबाजूंनी काँक्रीट, पोलाद. त्यामुळे यादीत नाव लागलं त्या आठवड्यात दादाने विहिरीत उतरणं सोडलं. कंपनीने त्याला वर्कशॉपमध्ये बसवलं, दरवाज्याच्या मोटरी दुरुस्त करायला. आयुष्यभर ज्याने अख्खी लिफ्ट हातांनी तोलली तो आता खिडकीजवळच्या टेबलावर मुठीएवढ्या मोटरी उघडत बसायचा, आणि फोन टेबलावर पालथा नाही, उताणा. चार वर्षं तो फोन उताणाच होता. न्हाणीघरात जातानाही तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा.

फिरायला जायचं खूळ डायलिसिसच्या वॉर्डातून आलं. तिथे भिंतीवर एक टीव्ही होता, त्यावर सकाळी जंगलं, प्राणी, समुद्र असलं काहीतरी लावलेलं असायचं. दहा खाटांवर दहा माणसं नळ्यांना बांधलेली, आणि समोर धबधबे. कुणाचं डोकं यातून चाललं असेल देव जाणे. एके दिवशी त्यात कुठल्याशा दूरच्या उष्ण देशातलं जंगल दाखवलं. बारा महिने पाऊस, आभाळाला टेकलेली झाडं, आणि त्या झाडांच्या शेंड्यांना बांधलेला दोरांचा झुलता पूल. खालून साठ हात वर. लोक कमरेला पट्टे अडकवून त्यावरून चालत होते. वॉर्डातले सगळे पूल बघत होते. आमच्या दादाने दोर बघितला.

“क्लिपा उलट्या आहेत,” तो म्हणाला.

पोलादी दोराचं टोक वळवून परत दोरालाच आवळतात, त्याच्या क्लिपा. त्यांचा जबडा वजन पेलणाऱ्या बाजूवर बसवायचा असतो, सुट्या टोकावर नाही. उलटा बसला तर दोर हळूहळू चेमटतो आणि एक दिवस हात सोडतो. दादाने त्या दिवशी घरी येऊन जेवण केलं नाही. मला फोन करून बोलावलं आणि म्हणाला, घड्याळबाई, या लोकांना कळवायला हवं. मी म्हटलं, दादा, हजारो कोसांवरचा पूल, टीव्हीवर दोन सेकंद दिसलेला, आणि तू इथे बसून क्लिपा तपासतोयस. तो म्हणाला, लिही तू.

मी लिहिलं. त्याने कागदावर चित्र काढलं, ते जोडलं. मला वाटलं विषय संपला. पण तीन आठवड्यांनी उत्तर आलं, त्या पुलाची देखभाल करणाऱ्या माणसाचं. त्याने वर चढून बघितलं होतं. दोन टोकांच्या क्लिपा खरंच उलट्या होत्या. बदलल्या, फोटो पाठवला, आणि शेवटी लिहिलं होतं की तुम्ही एकदा या, आणि स्वतः बघा.

त्या एका ओळीने माझा भाऊ बदलला. चार वर्षं त्याला सगळे विचारत होते की कसा आहेस, पाणी किती प्यायलास, वजन किती वाढलं. कुणीतरी पहिल्यांदा त्याला म्हणालं होतं की या, तुमची गरज आहे. त्याने फोटो पाकिटात घातला आणि मला म्हणाला की आपण सहलीची आखणी करू. आपण म्हणजे मी, हे मला लगेच कळलं.

मी आधी हसले. जिथे झाडाझाडाला केळी, जिथे शहाळं हीच पाणपोई, आणि केळं नि शहाळं दोन्ही आमच्या दादाला विष. त्यातल्या पोटॅशियमने किडनी नसलेल्या माणसाचं हृदय थांबतं. जिथे दिवसभर आभाळातून पाणी, तिथे हा बाटलीवरच्या रेघा मोजणार. पण तो हसला नाही. म्हणाला, धबधब्याखाली उभं राहायला पोटॅशियम लागत नाही. मग मीही कागद घेतला.

वेळापत्रक बनवताना आधी जे हलत नाही ते लिहायचं असतं. आमच्याकडे जे हलत नव्हतं ते डायलिसिस. शुक्रवारी सकाळी इथलं आटोपून दुपारचं विमान. शनिवारी तिथल्या गावात, रविवारी जंगलातली सोपी चाल, कारण तोवर अंगात पाणी साठलेलं असणार, दम लागणार. सोमवारी डायलिसिस, पण कुठे? पूल ज्या जंगलात होता त्याच्या चार तासांच्या आत मशीन असलेलं गाव शोधायचं होतं. मी बत्तीस दवाखान्यांना लिहिलं. सतरांनी उत्तरच दिलं नाही. नऊ जणांनी परक्या माणसाला घेत नाही म्हणून कळवलं. चौघांकडे जागा नव्हती. एका ठिकाणी हो म्हणाले आणि तपासणीचे बारा कागद पाठवल्यावर गप्प झाले. शाळेत एका मास्तरांनी विचारलं, हल्ली तुम्ही सारख्या काय टाइप करत असता? मी म्हटलं, भावासाठी जागा बघतेय. ते लग्नाचं समजले आणि वधूची अपेक्षा विचारू लागले.

शेवटी एकटीने हो म्हटलं. नदीकाठच्या एका छोट्या गावातला दवाखाना, चार मशीन, आणि ती चालवणारी एक सिस्टर. पूल तिथून दोन तासांवर. तिने मोजक्या शब्दांत लिहिलं की सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ, खिडकीजवळची खाट, तुमच्या भावाचं नाव वहीत लिहिलं आहे. मी ते पत्र दादाला वाचून दाखवलं. त्याने परत वाचायला लावलं. मग वहिनीने वाचलं, आणि तिने त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा कपाटातून प्रवासाची बॅग काढली.

पुढचे दोन महिने घरात माणसं राहतात तसं आम्ही राहिलो. मी मोठ्या कागदावर नऊ दिवस आखले, शनिवार ते पुढचा रविवार. मंगळवारी पूल. गुरुवारी धबधबा आणि दुपारी नदीतून तराफ्यावरून दीड तास. सुट्टीचं सगळं निळ्या शाईने. डायलिसिस मी पेन्सिलीने लिहिलं, समासात. मधली सुट्टी आपण तास म्हणून मोजत नाही, तसं. ते सहलीत धरायचंच नव्हतं. ते होतंच. कागद त्यांच्या फ्रिजवर लागला. दादा वर्कशॉपच्या जिन्यावर रोज दोन मजले चढउतार करायला लागला, मग तीन, पुलापर्यंतच्या पायऱ्यांची सवय म्हणून. वहिनी त्याच्या बुटांना आतून कापूस लावत बसायची. मला ते घर सोडून माझ्या घरी जावंसं वाटायचं नाही.

डॉक्टरांनी प्रवासाचं पत्र दिलं, पण आधी हृदयाची तपासणी करून. हृदयाची ताकद चाळीस टक्क्यांवर आली होती. त्यांनी दादाला बाहेर बसवून मला सांगितलं की या महिन्यात जाऊ द्या. पुढच्या तपासणीनंतर मी सही करीन असं धरून चालू नका. म्हणजे आत्ता, नाहीतर नाही. मी बाहेर आले तर दादा खुर्चीत बसून समोरच्या लिफ्टचा आवाज ऐकत होता. म्हणाला, या लिफ्टचा ब्रेक घासतोय, सांगायला हवं यांना.

राहिला होता एकच कागद. यादीवर असलेल्या माणसाने देश सोडायचा तर तेवढे दिवस नाव बाजूला ठेवावं लागतं. रद्द नाही, बाजूला. परत आल्यावर पुन्हा जागेवर. त्यासाठी एक फॉर्म, त्यावर रुग्णाची सही आणि जवळच्या नातेवाइकाची साक्ष. वहिनीला त्या ऑफिसात जायला नको वाटायचं, म्हणून गुरुवारी, निघायच्या आदल्या दिवशी, मी दादाबरोबर गेले.

यादी सांभाळणाऱ्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी फॉर्म पुढे ठेवला, पेन ठेवलं, आणि संगणकात बघता बघता थांबल्या. म्हणाल्या, तुम्हाला सांगायला हवं. या रक्तगटात तुम्ही परवापर्यंत चौथे होता. मंगळवारी एकाला किडनी मिळाली. काल एक जण गेला. आता तुम्ही दुसरे आहात.

चार वर्षं सातवा, सहावा, पाचवा. आणि आता दुसरा. दादाने मान हलवली आणि पेन उचललं. त्याने सहीसाठी हात टेकवलासुद्धा. त्याच्या डाव्या मनगटावरची, डायलिसिसच्या सुयांसाठी फुगवलेली नस, रक्ताने सारखी थरथरणारी, ती मला दिसत होती. मला भीती वाटली. यापेक्षा मोठं कारण मी आजवर शोधलं, सापडलं नाही. मी त्याचा हात धरला.

“दादा, तू तिकडे पुलावर असताना फोन आला, तर मी काय करू?”

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बाई कागद नीट करत राहिल्या. मी बोलतच सुटले. की नऊ दिवसांचा प्रश्न आहे, की किडनी मिळाली तर पुढच्या वर्षी आपण सगळे जाऊ, वहिनी, मी, माझी मुलं. डॉक्टर मला काय म्हणाले होते ते मला पक्कं माहीत होतं. नवी किडनी मिळाली तरी अशा जंगलात वर्षभर पाठवणार नव्हते, आणि चाळीस टक्क्यांच्या हृदयाचं वर्षभरात काय होणार तेही मला कळत होतं. तरी मी बोलले. पुढच्या वर्षी, म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला. पेनाला टोपण लावलं आणि बाईंना परत दिलं.

तो भांडला असता तर मी कदाचित ऐकलं असतं. एवढं एकच मी त्याच्यावर ढकलते, आणि तेही खरं नाही.

घरी वहिनी बॅगेच्या चेनवर गुडघा ठेवून ती लावत होती. मी सांगितलं. ती उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, “त्याला एकदा तरी जाऊ द्यायचं होतं तुम्ही, वन्सं.” चौदा वर्षांत तिने मला उलट शब्द बोललेला नव्हता. मग तिने बॅग उघडली आणि बूट बाहेर काढले. त्या संध्याकाळी मी तिथेच बसून सगळं रद्द केलं. ती माझी खासियत. विमान, गावातली खोली, गाडी, तराफावाला, पुलावरचा तो माणूस. त्याला लिहिताना माझ्याच्याने कारण लिहवेना, म्हणून नुसतं घरगुती अडचण लिहिलं. निळ्या शाईची एकेक ओळ बघून मी एकेक फोन केला, एकेक पत्र लिहिलं, आणि ओळीवर काट मारली. निळं सगळं संपल्यावर कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली.

शनिवार गेला. रविवार गेला. मी दोन्ही दिवस त्यांच्याकडेच होते. शाळेची सुट्टी मी नऊ दिवसांची घेतलेली होती, ती मागे घ्यायला तोंड नव्हतं. दादाने वर्कशॉपमधून एक मोटर घरी आणली होती, ती उघडून बसायचा. फोन शेजारी. एकदा कंपनीतून कुणीतरी केला तेव्हा वहिनीच्या हातातलं पातेलं पडलं. रविवारी दुपारी तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला, समोरच्या इमारतीकडे तोंड करून, बराच वेळ, आणि मला कळलं की या वेळी तो जंगलात चालत असायला हवा होता. मी तिथून आत गेले. वहिनी माझ्याशी गरजेपुरतं बोलत होती.

मी देवाला कधी फारसं मागत नाही. त्या दोन दिवसांत मागितलं, आणि जे मागितलं ते वाईट होतं. कुणीतरी मरावं आणि फोन यावा. नऊ दिवसांच्या आत यावा, म्हणजे मी बरोबर ठरेन. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी सकाळी सातला नेहमीप्रमाणे आम्ही डायलिसिसला गेलो. सुट्टी होती म्हणून मी बरोबर गेले, वहिनीला घरी राहू दे म्हटलं. दादाचं वजन केलं, तीन किलो तीनशे वाढलेलं. सिस्टरने सुया लावल्या, मशीन फिरायला लागलं. मी त्याच्या पायांशी स्टुलावर बसले. टीव्हीवर त्या दिवशी वाळवंट होतं. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर, जे स्वतः यादीवर पाच वर्षं होते, त्यांनी दादाला हळूच विचारलं की तुम्ही तर जंगलात जाणार होता ना. दादा म्हणाला, लांबलं जरा.

दहाच्या सुमारास फोन वाजला.

तो त्याच्या उजव्या हाताशी, उशीवर होता. अनोळखी नंबर, लांबलचक. त्या वॉर्डात दहाच्या दहा माणसं यादीवर, त्यामुळे अनोळखी नंबरचा फोन वाजला की तिथे काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. मास्तर उठून बसले. टेक्निशियनने टीव्हीचा आवाज बंद केला. आमची सिस्टर हातातली पट्टी तशीच धरून उभी राहिली. मी उभी राहिले तेव्हा स्टूल मागे पडलं. दादाने फोन कानाला लावला आणि मीही त्याच्या डोक्याला डोकं टेकवून कान दिला. त्यामुळे पलीकडचं मला ऐकू आलं.

बाईचा आवाज होता. दोघांनाही धड न येणाऱ्या इंग्रजीत ती त्याचं नाव विचारत होती. मग म्हणाली की मी नदीकाठच्या दवाखान्यातून बोलतेय. तुमची वेळ आठची होती, आमच्याकडे आता साडेआठ झाले, तुम्ही आला नाहीत. रस्त्यात पूर आहे का? मशीन तयार करून ठेवलंय, खिडकीजवळचं.

मी डोळे मिटले. निळ्या शाईचं सगळं मी रद्द केलं होतं. पेन्सिलीचं नाही. डायलिसिस रद्द करायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ना दादाच्या, ना वहिनीच्या. चार वर्षांत आम्ही लग्नं चुकवली, मयत चुकवली, एकदा वहिनीच्या आईचं शेवटचं भेटणं चुकवलं, पण मशीनची वेळ कधी चुकवली नव्हती. ती आमच्या घरात चुकवायची गोष्टच नव्हती.

आता तो सांगेल, असं मला वाटलं. की मी आलोच नाही, माफ करा. त्याने ओठ ओले केले. त्याच्या दुसऱ्या हातातून रक्त इथल्या मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं, आणि त्याने त्या हाताकडे बघितलं.

“येतोय,” तो फोनवर म्हणाला. “वाटेत आहे. ठेवा, कुणाला देऊ नका.”

ती बरं म्हणाली. सावकाश या, रस्ते ओले आहेत, म्हणाली. फोन बंद झाला. दादाने तो छातीवर ठेवला आणि भिंतीकडे मान केली. मास्तर परत आडवे झाले. टेक्निशियनने टीव्हीचा आवाज पुन्हा सोडायला बराच वेळ लावला.

मी त्याच्या छातीवरचा फोन उचलला. त्याने उचलू दिला. चार मशीन आहेत तिच्याकडे, हे मला पत्रातून माहीत होतं, आणि जिथे चार मशीन असतात तिथे बाकावर पाचवा माणूस बसलेला असतो, हे मला चार वर्षांत कळलेलं होतं. मी बाहेर जिन्यात गेले आणि तोच नंबर लावला.

मी त्याची बहीण, मी म्हटलं. तो येणार नाही. ती गोंधळली. म्हणाली, आत्ताच तर बोलले, वाटेत आहेत म्हणाले. मी म्हटलं, तो वाटेत नाही, तो इथेच आहे, आमच्या गावात, आमच्या दवाखान्यात, मशीनवर. तो निघालाच नाही. मी त्याला निघू दिलं नाही. हे शेवटचं तिने विचारलेलं नव्हतं.

पाठीमागे तिच्याकडे मशीनचा बारीक टुंटुं आवाज येत होता, अगदी आमच्या वॉर्डातल्यासारखा. मग तिने विचारलं की बाकावर एक बाई सकाळपासून आहे, तिला घेऊ का. मी म्हटलं, घ्या. तिने विचारलं, नाव वहीत तीन दिवस आहे, खोडू का. मी म्हटलं, खोडा. तिन्ही? तिन्ही. ती वहीत खोडत असताना मी तशीच फोन धरून उभी राहिले. मग तिने त्याला नमस्कार सांगा असं म्हटलं आणि तिला घाई होती, तिने ठेवून दिला.

मी जिन्याजवळच्या नळावर तोंड धुतलं, पदराने पुसलं आणि आत आले. दादाचे डोळे उघडे होते, छताकडे. मी पडलेलं स्टूल उचलून बसले, फोन त्याच्या उशीवर ठेवला, उताणा.

“खोडलं?” त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

“तिन्ही दिवस?”

“तिन्ही.”

मशीनचं चाक फिरत होतं. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि इतकी वर्षं लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांशी बाहेरून ज्या आवाजात तो बोलायचा, हळू, समजुतीच्या, त्या आवाजात म्हणाला,

“बुधवार तरी ठेवायचा होतास.”